एकशे एकावे युनिट

धुरीवाड्यातल्या एका ओळखीच्या घरात गेल्या पावसाळ्यात लाईटबिलावरून रोज धुसफूस चालली होती. मुलगा पुण्याची नोकरी सांभाळत घरून काम करायला मालवणात आलेला. माडीवर त्याचे टेबल आणि खाली ओटीवर बिल उलटसुलट करून बघणारे काका. "ह्या कॉम्प्युटरानच बिल वाढवल्यान," हे काकांचे ठाम मत. मुलगा म्हणे, कॉम्प्युटर कसला, तुमचा फ्रिज म्हातारा झालाय. घरात दोघेच असताना ८० युनिटांच्या आसपास येणारे बिल १३४ युनिटांवर गेले होते, एवढे मात्र कागदावर होते. मला पंच म्हणून बोलावणे आले. मी स्टूल घेऊन मीटरसमोर जाऊन बसलो.

हा उद्योग कोणालाही करता येतो आणि त्याला पैसा लागत नाही. घरातल्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. एक युनिट वीज गेली की तो किती वेळा लुकलुकतो, तो आकडा मीटरच्या तोंडावरच छापलेला असतो. या घरच्या मीटरवर ३२०० होता. घरातले सगळे, अगदी फ्रिजसुद्धा, दहा-पंधरा मिनिटे बंद करायचे, फक्त कॉम्प्युटरचा बोर्ड चालू ठेवायचा आणि घड्याळ लावून दहा मिनिटांत दिवा किती वेळा लुकलुकला ते मोजायचे. त्या संख्येला सहाने गुणले की तासाचा आकडा आला. त्याला ३२०० ने भागले की तासाला किती युनिट ते कळले. तुमच्या मीटरवर ३२०० ऐवजी दुसरा आकडा असेल तर भागायचे त्याने.

मुलगा वर काम करत होता तेव्हा दिवा दहा मिनिटांत ५९ वेळा लुकलुकला. म्हणजे ११० वॅट. मग त्याला कॉम्प्युटर नेहमीसारखा बंद करायला सांगितले. बोर्डाचे बटण नव्हे, नुसते शटडाऊन. आता दिवा थांबायला हवा होता. तो दहा मिनिटांत १६ वेळा लुकलुकला. ३० वॅट. काका स्टुलामागे उभे होते. "बंद केल्यार पण खाता?" त्यांनी विचारले. खात होता, पण कॉम्प्युटर नव्हे. टेबलाखालचा यूपीएस साधारण ८ वॅट, वायफायचा डबा १०, प्रिंटर ७ आणि तांबडा दिवा पेटवून बसलेले स्पीकर ५. ही मंडळी चोवीस तास, तीस दिवस हजर. मुलगा महिन्याला २५ दिवस आठ तास काम करतो. २०० तासांत त्याचा ८० वॅटचा कॉम्प्युटर १६ युनिटे घेतो. ही चिल्लर भुतावळ मात्र ७२० तासांत साडेएकवीस युनिटे घेते. टेबलावर जे काम करते त्यापेक्षा टेबलाखाली जे झोपलेय ते जास्त खाते, हे काकांना पटायला आणखी एक चहा लागला.

आणि डोक्यावरचा पंखा. जुना, ७५ वॅटचा. तेच २०० तास धरले तरी १५ युनिटे, म्हणजे कॉम्प्युटरच्या जवळजवळ बरोबरीने. त्याच्यावर कोणी संशयच घेतला नव्हता. ८० अधिक १६ अधिक साडेएकवीस अधिक १५: बिलातले १३४ जवळपास तिथेच जुळले. फ्रिज सुटला.

युनिटे सगळी सारख्या भावाची नसतात

इथे बिलाचा कागद नीट वाचायला हवा, कारण बचतीचे सगळे गणित त्यावर फिरते. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांत चढतो. २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या १०० युनिटांना वीज आकार ४ रुपये ७१ पैसे होता, १०१ ते ३०० पर्यंत १० रुपये २९ पैसे, ३०१ ते ५०० पर्यंत १४ रुपये ५५ पैसे. त्यावर प्रत्येक युनिटामागे १ रुपया १७ पैसे वहन आकार आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. त्या दराने हिशेब केला तर शंभरच्या आतले युनिट पावणेसात-सात रुपयांना पडते, शंभरच्या पुढचे सव्वातेराला, तीनशेच्या पुढचे अठरा रुपयांच्या वर. दर बदलत राहतात, इंधन समायोजन आकार कधी येतो कधी जातो. म्हणून माझे आकडे पाठ करू नका, तुमच्या ताज्या बिलावरचे दर घालून हेच गणित मांडा.

एक गैरसमज मात्र काढून टाका. शंभराच्या वर एक युनिट गेले की सगळे बिल चढ्या दराने लागते, असे गावात सर्रास बोलले जाते. तसे नाही. पहिली शंभर स्वस्तातच राहतात. एकशे एकाव्यापासून पुढची तेवढी महाग. पण म्हणूनच वाचवलेले युनिट नेहमी वरच्या टोकाचे, म्हणजे तुमच्या बिलातले सर्वांत महाग युनिट असते. काकांच्या घरात १०१ ते १३४ ही ३४ युनिटे सुमारे साडेचारशे रुपयांची होती. त्याआधीची शंभर सगळी मिळून सातशेच्या आत.

ज्यांचे बिल मुळातच साठ-सत्तर युनिटांचे आहे त्यांना खालच्या सगळ्या रकमा निम्म्याने कमी धराव्या लागतील. ज्यांच्या घरात दोन एसी आहेत त्यांनी दीडपट धराव्यात आणि कॉम्प्युटरकडे नंतर बघावे. टनाच्या एसीला तासाला पाऊण ते एक युनिट लागते. एसी लावलेल्या खोलीत बसून स्क्रीनचा उजेड कमी करणे म्हणजे होडीला भोक असताना ओंजळीने पाणी उपसणे.

कुठले यंत्र किती घेते

साध्या ऑफिसकामाचा डेस्कटॉप, स्क्रीनसकट, ६० ते ९० वॅट. लॅपटॉप याच कामाला १५ ते २५. लॅपटॉपच्या चार्जरवर ६५ वॅट लिहिलेले असते ती त्याची जास्तीत जास्त ताकद. बॅटरी भरलेली असताना तो तेवढे ओढत नाही. खेळासाठी किंवा व्हिडिओ एडिटिंगसाठी मोठे ग्राफिक्स कार्ड लावलेला कॉम्प्युटर जोरात चालला की ३०० वॅटच्या पुढे जातो. लग्नाचे शूटिंग करणाऱ्यांना ते बिलातून कळतेच.

जुना, मागे पोट सुटलेला काचेचा मॉनिटर अजून काही दुकानांत आणि घरांत आहे. तो एकटा ७० ते १०० वॅट घेतो. आजचा सपाट स्क्रीन २० च्या आसपास. २०० तासांना ११ युनिटांचा फरक, म्हणजे वरच्या टप्प्यात महिन्याला जवळपास दीडशे रुपये. कुडाळ-कणकवलीला वापरलेला सपाट स्क्रीन दीड-दोन हजारांत मिळतो, तो वर्षभरात वसूल. या लेखात "आजच बदला" असे मी फक्त एवढ्याच वस्तूबद्दल म्हणेन. जुना मॉनिटर पाणंदीत किंवा खाडीकडेला टाकू नका, त्याच्या काचेत शिसे असते. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

डेस्कटॉप काढून लॅपटॉप घ्यावा का? हाच प्रश्न काकांनी विचारला, कारण वीज वाचते म्हटल्यावर ते नवी खरेदीही सोसायला तयार होते. २०० तासांना १६ ऐवजी ४ युनिटे, बचत १२ युनिटांची, म्हणजे महिन्याला १६० रुपये. लॅपटॉप ४० हजारांचा धरला तर ते पैसे लाईटबिलातून फिटायला वीस वर्षे लागतील. लॅपटॉप इतका टिकत नाही. तेव्हा चालता डेस्कटॉप बिलापायी मोडीत काढू नका. पण तो आपणहून मेला, किंवा विंडोज १० चा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यामुळे बदलायचाच झाला, तर मात्र लॅपटॉपच घ्या. आपल्या किनाऱ्यावर त्याची खरी किंमत विजेच्या बचतीत नाही, त्याच्या पोटातल्या बॅटरीत आहे. त्याबद्दल पुढे.

जुना डेस्कटॉप रखडतोय म्हणून नवा घेणार असाल तर आधी त्यात एसएसडी बसवून बघा. दोन-तीन हजारांत काम होते. वीज त्याने फारशी वाचत नाही. पण दहा मिनिटांचे काम दहा मिनिटांत होते, अर्ध्या तासात नाही, आणि तेवढा वेळ कॉम्प्युटर, पंखा, दिवा सगळेच कमी चालते.

झोपवा

फुकटची आणि सर्वांत मोठी बचत इथे आहे. रात्री डेस्कटॉप नुसता स्क्रीन बंद करून चालू सोडला तर तो ५०-६० वॅट घेतच राहतो. कामाचे २०० तास सोडले तर महिन्याचे ५२० तास उरतात. ६० वॅटने ३१ युनिटे. वरच्या टप्प्यात ४१० रुपये, एका पैशाचे काम न करता. तोच 'स्लीप'वर टाकला तर दोनेक वॅट घेतो. महिन्याचे एक युनिट, तेरा रुपये. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, त्यात पॉवर असे गेले की दोन वेळा विचारल्या जातात: स्क्रीन किती मिनिटांनी बंद व्हावा आणि कॉम्प्युटर किती मिनिटांनी झोपावा. पाच आणि पंधरा घाला. जेवायला उठलात, गाबतीण कोलंबी घेऊन दारात आली, फोन आला, तरी तो आपला आपण झोपेल.

स्क्रीनसेव्हर म्हणजे बचत नव्हे. हलते मासे दाखवणारा स्क्रीन चालू स्क्रीनच असतो. काचेच्या मॉनिटरवर एकच चित्र तासन्‌तास राहिले तर त्याचा डाग पडत असे, म्हणून ती युक्ती निघाली. मॉनिटर गेले, मासे राहिले.

"सारखे बंद-चालू केले तर जास्त वीज लागते" हेही ऐकू येते. सुरू होतानाचे ते एक मिनिट थोडे जास्त ओढत असेल, पण अर्धा तास रिकामा चालण्यापुढे ते काहीच नाही. कॉम्प्युटरच्या वीजबचतीचा विचार तसा नवा नाही. अमेरिकेत १९९२ साली 'एनर्जी स्टार'ची खूण निघाली ती आधी कॉम्प्युटर आणि मॉनिटरसाठीच. फ्रिज वगैरे मागून आले. रिकामा असताना यंत्राने आपोआप झोपावे, एवढीच तेव्हाची मुख्य अट होती. तीस वर्षांनंतरही कित्येक ऑफिसांत ती सोय कोणीतरी बंद करून ठेवलेली सापडते.

स्क्रीनचा उजेड निम्मा केला तर लॅपटॉपवर दोन-तीन वॅट वाचतात. डोळ्यांना बरे म्हणून करा. मोबाईलचा चार्जर रिकामा बोर्डात राहिला म्हणून घरात ओरडाआरडा करू नका. महिनाभरात तो दोन-चार रुपयेही खात नाही.

एकच बटण

आता टेबलाखालची भुतावळ. काकांच्या घरी आम्ही यूपीएस, प्रिंटर आणि स्पीकर एका एक्स्टेंशन बोर्डावर घेतले आणि तो बोर्ड भिंतीवरच्या हाताशी येईल अशा बटणावर. वायफाय वेगळ्या बोर्डावर, कारण काकूंना संध्याकाळी मालिका मोबाईलवर बघायच्या असतात. काम संपले, कॉम्प्युटर शटडाऊन झाला, बटण बंद. २० वॅट, ५२० तास: दहा युनिटे, महिन्याला सुमारे १४० रुपये. खर्च आला एक्स्टेंशन बोर्डाचा, तोही घरात पडलेला होता. रात्री झोपताना वायफायही बंद केले तर आणखी दोन युनिटे.

यूपीएस बंद ठेवल्याने त्याची बॅटरी बिघडेल का? रोज आठ तास तो चालूच असतो, तेवढ्यात ती भरते. बिघडते ती बंद घरातली. चाकरमानी गणपती करून मुंबईला जातो, यूपीएस बंद करून जातो आणि शिमग्याला आला की बॅटरी मेलेली. महिन्यातून एकदा शेजाऱ्याला चावी देऊन चार-पाच तास चालू करायला सांगा, नाहीतर हजारभर रुपयांची बॅटरी दरवर्षी घालावी लागेल. कॉम्प्युटरच लॅपटॉप असेल तर यूपीएस हवाच कशाला? काढून टाका.

या बटणाचा खरा फायदा बिलात दिसत नाही. एप्रिल-मेचा वळीव आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस विजा घेऊन येतो, तेव्हा आपल्याकडे दरवर्षी वायफायचे डबे, टीव्ही आणि कॉम्प्युटरचे मदरबोर्ड जळतात. माझा एक डबा असाच गेला. खांबावरून आलेली तार छताशी लागून आत येते आणि जवळपास वीज पडली की तिचा धक्का त्या तारेने घरात शिरतो. अशा वेळी नुसते बटण पुरत नाही, पिन काढायची. कॉम्प्युटरची, डब्याची, आणि डब्यात येणारी तांब्याची तार असेल तर तीही. फायबरच्या काचेच्या तारेतून वीज येत नाही, पण त्या डब्याचा चार्जर बोर्डातच असतो. महिन्याला १४० रुपयांची बचत म्हणून जी सवय लावायची तीच एखाद्या संध्याकाळी पाच-दहा हजार वाचवते. मला विचाराल तर मालवणात बटण बंद करण्याचे हे पहिले कारण, बिल दुसरे.

पावसाळ्याची ऊब

कोकणात एक शहाणपण चालत आलेले आहे: पावसाळ्यात यंत्र बंद ठेवले की दमट होते, म्हणून चालूच ठेवावे. कपाटात बल्ब लावून कपडे, कॅमेरे, पुस्तके राखायची तीच रीत. ती खोटी नाही. देवबागसारख्या ठिकाणी, एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, हवेत मीठच असते. लोखंडी स्क्रू दोन पावसाळ्यांत तांबडे होतात. दमट हवा आणि मीठ मिळून कॉम्प्युटरच्या आतले जोड खातात. पण त्यासाठी चोवीस तास चालू ठेवायची गरज नाही. रोज वापरातला कॉम्प्युटर कामाच्या तासांत पुरेसा कोरडा होतो. वापरात नसलेला दोन-तीन दिवसांनी तासभर चालवा. महिन्याला साधारण एक युनिट लागते. चिऱ्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, पावसाळ्यात ती भिंत पाझरते. चार बोटे जागा सोडा. जमिनीवर तर नकोच.

वर्षातून दोनदा, शिमग्यानंतर आणि दसऱ्याच्या आधी, कॉम्प्युटरचा डबा उघडून ब्लोअरने साफ करून घ्या. मिठाच्या हवेत धूळ चिकट होते, पंख्याच्या पात्यांवर काजळीसारखी बसते. मग पंखा जोरात फिरतो, तरी आत गरम राहते. आत मुंग्यांचे वारूळ आणि एकदा चक्क पालीची अंडी निघालेली मी पाहिली आहेत. वीज थोडीशीच वाचते, आयुष्य बरेच वाढते.

लाईट गेली की

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले तेव्हा खांब आडवे झाले आणि कित्येक वाड्यांनी काही दिवस अंधारात काढले. तसे दिवस क्वचित; पण जून ते सप्टेंबर माडाची झावळी तारेवर पडली, फांदी मोडली, असे तास-दोन तास जाणे नेहमीचेच. म्हणून घरोघरी इन्व्हर्टर आले. इन्व्हर्टर वीज तयार करत नाही, साठवतो. आणि साठवताना-काढताना बरीच गळती होते. बॅटरीतून एक युनिट वापरायला लाईनमधून साधारण दीड युनिट घ्यावे लागते. त्यावर ८० वॅटचा डेस्कटॉप चालवणे म्हणजे पाहुण्यांसाठी राखलेले पाणी बागेला घालणे.

लॅपटॉपची बॅटरी चांगली असेल तर तो तीन-चार तास स्वतःच्या जिवावर चालतो. लाईट गेली की त्याची पिन इन्व्हर्टरच्या बोर्डातून काढा, लाईट आली की लावा. उरते वायफाय. तेवढ्यासाठी हाताएवढा छोटा बारा व्होल्टचा यूपीएस हजार-दीड हजारात मिळतो, तो डबा तीन-चार तास चालवतो. घेताना डब्याच्या चार्जरवर किती व्होल्ट, किती अँपियर लिहिले आहे ते टिपून घेऊन जा. न जुळणारा लावाल तर डबा जाळाल. घरून काम करणाऱ्या एकट्या माणसाला पंधरा-वीस हजारांच्या इन्व्हर्टरऐवजी एवढी जोडी पुरते. घरात म्हातारी माणसे असतील, पंखा हवाच असेल, तर गोष्ट वेगळी.

लॅपटॉप दिवसभर पिन लावूनच वापरत असाल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय त्याच्या सेटिंग्जमध्ये असते, ती लावा. बॅटरी जास्त टिकते; नवी बॅटरी दोन-चार हजारांना पडते.

घरातच दुकान असेल तर

पडवीत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर ठेवून सातबारा काढून देणे, फॉर्म भरून देणे, होमस्टेचे बुकिंग सांभाळणे असे उद्योग किनाऱ्यावर घरोघरी आहेत. त्यांना एक नियम ठाऊक असलेला बरा. राहत्या घराच्या भागात धंदा चालत असेल आणि महिन्याचा वापर ३०० युनिटांपर्यंत, तसेच मागच्या आर्थिक वर्षाचा एकूण वापर ३६०० युनिटांपर्यंत असेल, तर बिल घरगुती दरानेच लागते. ओलांडले तर व्यापारी दर आणि त्याचा जड स्थिर आकार. २८०-२९० च्या काठावर असलेल्या घराला एप्रिल-मेत दहा युनिटांची किंमत म्हणूनच मोठी असते. अशा घरांत झेरॉक्सचे मोठे मशीन दिवसभर गरम ठेवू नका. रिकामे असतानाही ते कॉम्प्युटरपेक्षा जास्त घेऊ शकते. दिवसाला दहा-वीस पाने काढायची असतील तर शाईचा टँकवाला प्रिंटर पुरतो. लेझर प्रिंटर पान काढताना क्षणभर पाचशे-हजार वॅट ओढतो, म्हणून तो यूपीएसवर कधीही लावायचा नाही.

वेळेनुसार दर लावणारे स्मार्ट टीओडी मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटामागे ८० पैशांपासून सवलत आहे. कॉम्प्युटरचे काम याच वेळेत होत असेल तर १६ युनिटांवर तेरा रुपये सुटतील. पाण्याचा पंप आणि वॉशिंग मशीन त्या वेळेत लावलेत तर जास्त. आणि छापील बिलाऐवजी ईमेलवर बिल घेण्याची 'गो ग्रीन' नोंदणी केली तर महिन्याला १० रुपयांच्या हिशेबाने सूट. एकदा फॉर्म भरायचा, पाच मिनिटांचे काम.

पैसे जिथे घालू नयेत

बोर्डात खुपसून ठेवायचा 'वीज वाचवणारा' डबा. जत्रेत, आठवडी बाजारात, मोबाईलवरच्या जाहिरातींत तो पाचशे-हजाराला मिळतो आणि बिल ३०-४० टक्के कमी होईल असे सांगतात. आत एक कपॅसिटर आणि एक हिरवा दिवा असतो. घरगुती मीटर प्रत्यक्ष खर्च झालेली युनिटेच मोजतो, पॉवर फॅक्टर नव्हे. त्यामुळे त्या डब्याने घरच्या बिलात एक पैसा हलत नाही. उलट हिरवा दिवा तेवढा खातो. घेऊ नका, पाहुण्यांनाही घेऊ देऊ नका.

कॉम्प्युटरची वीज वाचवण्यासाठी सोलरही नको. छतावरचा सोलर हा सगळ्या घराचा हिशेब आहे, पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदानही आहे. पण महिन्याला शंभर-सव्वाशे युनिटांच्या घराने घाई करू नये.

पंखा मात्र बदलावा. २८ ते ३५ वॅटचा बीएलडीसी पंखा तीन हजारांच्या आसपास येतो. माडीवरचे २०० तास धरले तर नऊ युनिटे, १२० रुपये महिना. दोन वर्षांत वसूल. चोवीस तास फिरणारा पंखा असेल तर सात-आठ महिन्यांत. काकांना हे सांगितले तेव्हा त्यांनी वर बघितले. तो पंखा त्यांच्या लग्नातला होता.

आम्ही त्या दिवशी एवढेच केले: बोर्ड वेगळे, झोपेची वेळ पंधरा मिनिटे, रात्री वायफाय बंद. खर्च शून्य. पुढचे बिल १२१ युनिटांचे आले, पावणेदोनशे रुपये कमी. पंखा अजून तोच आहे.